गाडीनं वीज घेतली नाही

माळावरचं घर, धसईजवळ
८ डिसेंबर २०२४

कोंडूमामांना चंदाचा नमस्कार,

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानं भरता, असं आई म्हणते. आमच्या माळावर तर रेंज येते-जाते. म्हणून आपलं कागदावर. मला एक कोडं पडलंय आणि ते तुमच्याशिवाय कुणाला सुटेलसं वाटत नाही. तीस वर्षं तुम्ही वीज कंपनीत काढलीत.

तुम्हाला माहीतच आहे, तीन वर्षांपूर्वी मी आणि तुमच्या जावयानं, आदेशनं, भातखाचरांच्या वरच्या माळावर आठ तंबू टाकले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी शनिवार-रविवारी पाहुणे येतात. आई भाकऱ्या थापते, मी बाकीचं बघते, आदेश मुरबाडच्या कारखान्यातून आला की शेकोटी पेटवतो. काल संध्याकाळी नाशिकहून प्रियांका नावाच्या बाई आल्या. शाळेत शिकवतात. एकट्याच गाडी घेऊन फिरतात, तंबूही स्वतःचाच लावतात. त्यांची गाडी विजेवर चालणारी. आवाजच नाही हो मामा. अंगणात येऊन उभी राहिली तरी कुत्र्याला पत्ता नाही.

उतरल्या उतरल्या विचारलं, "ताई, पंधरा अँपियरचा सॉकेट आहे का? नऊ टक्केच राहिलंय." मी म्हटलं, स्वयंपाकघरात आहे, तुमच्या हातचा. त्यांनी डिकीतून एक जाड वायर काढली. मध्ये विटेएवढी पेटी, तिच्यावर दिवे. एक टोक आपल्या सॉकेटात, दुसरं गाडीच्या तोंडात. मला वाटलं, आता हिरवा दिवा लागेल. लागला लाल. त्यांनी काढून घातलं, पुन्हा घातलं, लालच. मग म्हणाल्या, "घराला अर्थिंग नाहीये. अर्थिंग नसेल तर गाडी वीज घेतच नाही."

मी म्हटलं, असं कसं? आमच्या मामानं केलंय, ते खात्यातलेच. त्या वायर गुंडाळायला लागल्या. चेहऱ्यावरून वाटलं, गाडीवर त्यांचा मामापेक्षा जास्त विश्वास आहे.

आज सकाळी त्या तशाच नऊ टक्क्यांवर निघाल्या. एसी बंद, काचा खाली, पुढे आदेश मोटारसायकलवर. मुरबाडला एका हॉटेलाच्या आवारात चार्जर आहे तिथपर्यंत पोचल्या तेव्हा दोन टक्के उरले होते. आदेश म्हणतो, उतारावर गाडी परत भरते. हे खरं का?

हल्ली दहांतले चार फोन असे येतात, "चार्जिंगची सोय आहे का?" नाही म्हटलं की पलीकडचा माणूस बघतो म्हणतो आणि ठेवून देतो. आपल्याकडे ही सोय झाली तर माळशेजकडे जाणारे इथे थांबतील. तेव्हा एवढं कळवा. अर्थिंग तुम्ही नेमकं कुठे पुरलंय? वायर कुजली असेल तर नवी जोडून घेते.

चंदा

•

शहापूर
१४ डिसेंबर २०२४

चंदा, तुला आणि घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि स्वस्थ बसवेना. म्हणून परवा सकाळी हायवेवर चालत गेलो. तिथे एका ढाब्याच्या अंगणात असा चार्जर बसवलाय हे जाता-येता बघितलं होतं, पण कधी जवळ गेलो नव्हतो. कपाटाएवढा खोका, त्याला मनगटाएवढी नळी. एक ड्रायव्हर गाडी लावून चहा पीत होता. मी विचारलं, किती युनिट घेते? म्हणाला, तीस. मी नोकरीला लागलो तेव्हा अख्ख्या पाड्याला रात्रभर तेवढी लागत नव्हती. ही चाळीस मिनिटांत पिते. मी तिथे तासभर बसलो. तीन गाड्या आल्या. प्रत्येकीला विचारत होतो, शेवटी ढाबेवाला म्हणाला, "आजोबा, घ्यायचीय का?"

उतारावर भरते हे खरं आहे. उतारावर चाकंच मोटरला फिरवतात, मग तिचं जनित्र होतं. घाट उतरताना चार-पाच टक्के परत मिळतात, असं एकानं सांगितलं. मला हे फार आवडलं.

तुझ्या कोड्याचं म्हणशील तर या नव्या गाड्यांचा नखराच फार. जरा व्होल्टेज हललं की रुसतात. तुमचं घर लाईनच्या शेवटाला आहे, तिथे असं व्हायचंच. अर्थिंगचं काम पंधरा वर्षांपूर्वीचं, आता जागा नेमकी आठवत नाही. तू खणाखणी करू नकोस. उगाच मेन वायरला लागेल. मी बघतो काय करायचं ते.

आणखी एक. गोठ्याजवळचा पंप अजून वापरता का? वापरत असाल तर तूर्त त्याचा फ्यूज काढून ठेव. पाहुण्यांची मुलं तिथे खेळायला जाऊ देऊ नकोस.

तुझ्या आईला सांग, सकू, गुडघ्याला तेल लावत जा.

कोंडू

•

माळावरचं घर
२१ डिसेंबर २०२४

मामा,

तुम्ही खणू नको म्हणालात आणि मी खणलं. आधीच सांगून टाकते. नाताळात तीन गाड्यांचं बुकिंग होतं, त्यात दोन विजेच्या. थांबायला वेळ नव्हता. धसईचा सुयोग म्हणून एक वायरमन आहे, नुकताच आयटीआय करून आलेला, कामाला चोख. त्याला बोलावलं.

त्यानं आधी मीटरपासून हिरव्या वायरचा माग काढला. वायर भिंतीतून बाहेर येते, मोरीच्या मागे जमिनीत जाते. तिथे पहार मारली. हातभर खाली कातळ लागला. वायरचं टोक तिथेच होतं. मामा, ते एका दगडाला गुंडाळलेलं होतं. दुसरं काही नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात पुरतात ती प्लेट नाही, पाइप नाही, मीठ नाही, कोळसा नाही.

सुयोग म्हणाला, "ताई, हे कुजलेलं नाय. हे केलेलंच नाय."

आई शेजारी उभी होती. ती म्हणाली, "कोंडूनं केलंय म्हणजे झालंय. तू नीट बघ." तो पोरगा बिचारा पुन्हा खणायला लागला, आईला बरं वाटावं म्हणून. मग त्यानं घरातली एकेक वस्तू टेस्टरनं तपासली. फ्रिजवर दिवा लागला. मिक्सरवर लागला. आई मिक्सर लावताना लाकडी पाटावर उभी राहते, तुम्ही पाहिलंच असेल. "चावतो मेला," म्हणते. इतकी वर्षं आम्हाला वाटायचं, मिक्सरचाच गुण. सुयोगनं मला विचारलं, "एवढी वर्षं तुमी असंच राहिलात?"

मग तो पंपाकडे गेला. तुमचं पत्र आल्यापासून त्याचा फ्यूज काढलेलाच होता. घालून बघितलं. पंपाच्या अंगात करंट आहे.

तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. मी तुम्हाला गाडीचं विचारलं होतं. पंपाचं नावही काढलं नव्हतं. मग तुम्ही पंपाचं का लिहिलंत?

२०११ च्या आश्विनात आपली म्हैस त्या पंपाजवळ पडली. मी तेव्हा बाळंतपणाला आले होते, म्हणून सगळं डोळ्यांसमोर आहे. वरच्या वाडीतला नवसू अकरा वर्षं आपली गुरं राखत होता. आदल्या दिवशी त्याची आणि बाबांची सुट्टीवरून बोलाचाली झाली होती. बाबा म्हणाले, नवसूनं विष घातलं. नुसतं घरात म्हणाले नाहीत, धसईच्या बाजारात सगळ्यांसमोर म्हणाले. त्या दिवसापासून नवसू आपल्या अंगणात आलेला नाही. बाबा गेले तेव्हा अख्खी वाडी आली, तो आला नाही. आम्ही म्हटलं, मनात खोट असणार.

मामा, सरळ विचारते. म्हैस कशानं मेली?

चंदा

•

माळावरचं घर
३ जानेवारी २०२५

मामा,

पत्र पोचलं नाही का? की पोचलं म्हणूनच उत्तर नाही?

नाताळातल्या दोन्ही विजेच्या गाड्यांना मी आधीच फोन करून नाही म्हणून कळवलं. एक बाई म्हणाल्या, "निदान खरं सांगितलंत." ते मला उगाच लागलं.

सुयोगनं घराचा सगळा पुरवठा एका नव्या स्विचवरून घेतलाय, गळती झाली की आपोआप पडतो. दिवसातून चारदा पडतो. आई म्हणते, आधी बरं होतं. मी तिला अजून काही बोलले नाही.

मामींना फोन केला होता. त्या म्हणाल्या, तुम्ही बरे आहात, जेवता, पण बोलत नाही. मी वाट बघतेय.

चंदा

•

शहापूर
७ जानेवारी २०२५

चंदा,

तुझं पत्र पोचलं होतं. उत्तर चार वेळा लिहिलं आणि फाडलं. हे पाचवं.

२००९ साली जूनच्या आधी तुझ्या बाबांना, चांगोभावजींना, घरात आणि पंपाला वीज हवी होती. मी दोन दिवसांची रजा काढून आलो. वायरिंग झालं. अर्थिंगची प्लेट मी शहापूरहून पिशवीत घालून आणली होती. खड्डा खणायला घेतला तर हातभर खाली कातळ. दुसरीकडे खणलं, कातळ. तिसरीकडे, तेच. संध्याकाळची शेवटची एसटी गाठायची होती. मी वायर दगडाला गुंडाळली, माती लोटली आणि भावजींना म्हटलं, झालं. मनात होतं, पावसाळा संपला की येऊन नीट करू. प्लेट परत पिशवीत घालून नेली. नंतर आलो नाही. वीज चालू होती, दिवे लागत होते, कुणाची तक्रार नव्हती. अर्थिंगचं असंच असतं. नसलं तरी सगळं चालतं. नसल्याचं कळतं ते एकदाच.

म्हैस गेली त्याच्या चौथ्या दिवशी मी भेटायला आलो होतो, तुला आठवत असेल. गोठ्याकडे गेलो आणि सवयीनं पंपाला टेस्टर लावला. दिवा लागला. वायरची साल उंदरानं कुरतडली होती, तार पंपाला टेकत होती. अर्थिंग असतं तर त्याच क्षणी फ्यूज उडाला असता. नव्हतं, म्हणून पंप नुसता वाट बघत उभा राहिला. खाली ओल होती. म्हशीचा पाय लागला असणार.

मी तारेला टेप गुंडाळली, टेस्टर खिशात घातला आणि घरात येऊन चहा प्यालो. भावजी तेव्हा सांगत होते, बाजारात नवसूला कसं धुतलं. मी मान हलवली.

तेव्हा बोललो असतो तर काय झालं असतं? नोकरीत असताना बाहेरचं काम केलं हे उघड झालं असतं, तेही खोटं काम. माझ्या निवृत्तीला एक वर्ष होतं. सकूचं तोंड आठवलं. आणि खरं सांगायचं तर मनात असंही आलं की नवसूच तर आहे, चार दिवसांत लोक विसरतील. हे लिहायला मला सगळ्यात जड गेलं, म्हणून शेवटी लिहिलं.

अर्थिंग मी तेव्हाही केलं नाही. केलं असतं तर भावजींनी विचारलं असतं, आता का? तुम्ही सगळे त्या घरात राहिलात. तुझं मूल तिथे रांगलं. मी सणाला यायचो आणि सकूला पाटावर उभी राहून मिक्सर लावताना बघायचो.

तुझ्या त्या गाडीला मी पहिल्या पत्रात नखरेल म्हटलं. ती बरोबर होती.

सकूला हे पत्र वाचून दाखव. तिला मीच सांगायला हवं, पण फोनवर ती काय म्हणेल ते मला ऐकू येणार नाही.

कोंडू

•

माळावरचं घर
१५ जानेवारी २०२५

मामा,

आईला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. मी वाचत होते तोवर तिचा हात थांबला नाही. संपल्यावर म्हणाली, "त्याला तवा बोलता आलं असतं." बाकी काही नाही. त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवणीतलं लुगडं नेसून माझ्यासमोर उभी राहिली. "चल, वाडीत जायचं."

म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेमुळे वाडीतली निम्मी माणसं तिकडे गेली होती. नवसू घरी होता. दाराशी बसून बांबूच्या पट्ट्या तासत होता. त्याची बायको लहानी आत चुलीपाशी. आम्हाला बघून तो उठला नाही. बसाही म्हणाला नाही. आई उभ्या उभ्याच बोलली, "नवसू, म्हैस विजेनं मेली. तू नाय मारली."

त्यानं पट्टी पुरी तासली, बाजूला ठेवली. मग म्हणाला, "मना ठावं हाय."

"तुला कसं ठावं?" मी विचारलं.

"मी तितंच व्हतो. तिचा पाय पंपाला टेकला नि ती उभ्याची पडली. इख खाल्लेलं जनावर फिरतं, फेस काढतं. ती वरडली बी नाय. मी चांगोदादाला तवाच सांगितलं, तुमच्या पंपानं मारली. तो बोलला, आपलं पाप यंत्रावर घालतो."

मी म्हटलं, "आमाला हे कुणी सांगितलंच नाय."

"तुमी इचारलं नाय," तो म्हणाला. आवाज चढवून नाही, मामा. साधाच.

आतून लहानी बाहेर आली. ती मात्र तापली होती. म्हणाली, त्या बाजारानंतर तीन वर्षं यांना कुणी गुरं राखायला दिली नाहीत. हे वीटभट्टीवर गेले, पोरं घेऊन. थोरल्या मुलीची शाळा तिथेच सुटली. ज्या म्हशीचा आळ यांच्यावर आला, ती म्हसाच्याच जत्रेतून बाबांनी घेतली तेव्हा निवडायला हेच गेले होते आणि दोन दिवस चालवत घरी आणलीही यांनीच. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आई खाली बघत होती. तिला माहीत होतं.

आई म्हणाली, "काय करू सांग."

नवसूनं दुसरी पट्टी उचलली. मग म्हणाला, "बोलले तवा बाजारात बोलले. आता घरात येऊन सांगताव. ज्यानं केलं त्यानं बाजारात सांगायचं."

एवढंच त्याचं मागणं आहे. कधी येताय?

चंदा

•

शहापूर
२१ जानेवारी २०२५

चंदा,

नवसूचं म्हणणं रास्त आहे. पण माझं वय एकाहत्तर. कान गेलेले. बाजारात उभा राहून बोलेन, पण लोक काय विचारतील ते मला कळणार नाही. हसतील तेही कळणार नाही, आणि कळलं नाही की मला जास्तच भीती वाटते. शहापूरला अजून लोक मला कोंडू वायरमन म्हणून ओळखतात. पेन्शनरांच्या मंडळात मी नव्या पोरांना सुरक्षेवर व्याख्यान देतो. दरवर्षी. अर्थिंगवर.

मी सगळं सविस्तर लिहून, खाली सही करून पाठवलं आणि तू किंवा सुयोगनं बाजारात वाचून दाखवलं तर? हवं तर अंगठाही उठवतो. नवसूला विचारून बघ.

कोंडू

•

माळावरचं घर
२५ जानेवारी २०२५

मामा,

नवसूला विचारलं नाही. विचारणारही नाही.

लोकांचं ऐकू आलं नाही तरी चालेल. तुम्हाला तिथे ऐकायचं नाही, बोलायचं आहे.

तुम्ही पाठवलेलं गुडघ्याचं तेल आईला पोचलं. तिनं लावलं नाही, पण फेकलंही नाही.

चंदा

•

शहापूर
५ फेब्रुवारी २०२५

चंदा,

परवा दुपारी मी सुयोगला घेऊन तुझ्या अंगणात आलो तेव्हा तू विचारलंस, न कळवता कसे आलात? तेव्हा नवसू पुढे चालत होता, म्हणून मी उत्तर दिलं नाही. कळवलं असतं तर तू बाजारात येऊन उभी राहिली असतीस आणि मी तुझ्याकडे बघत बोललो असतो. ते मला नको होतं.

सकाळच्या एसटीनं मुरबाड, तिथून धसई. बाजार भरला होता. बोलायचं तर कुठे उभं राहायचं हेच कळेना. बाजाराला काही ओटा नसतो. शेवटी भाजीवाल्या बसतात तिथे गेलो. पारू म्हणून एक म्हातारी वालाच्या शेंगा घेऊन बसली होती, ती मला ओळखत होती. तिलाच म्हटलं, "मला सगळ्यांना एक सांगायचंय." तिनं हाक मारून चार माणसं थांबवली. चाराची वीस झाली.

मी सांगितलं. माझं नाव, माझं काम, दगडाला गुंडाळलेली वायर, टेस्टर, टेप, चहा. सगळं. नवसूनं विष घातलं नव्हतं, त्यानं खरं तेच सांगितलं होतं आणि मला ते माहीत होतं, हेही. दोघे-तिघे हसले, ते दिसलं. एक जण काहीतरी रागानं बोलला, ते ऐकू आलं नाही. पारूनं माझा हात धरून कानाशी येऊन विचारलं, "ह्ये नवसूला सांगितलंस का?" मी म्हटलं, आता जातो.

वाडी चढायला मला तास लागला. नवसू घरी नव्हता, लाकडाला गेला होता. लहानीनं मला बाहेर बसू दिलं. पाणी मागायची माझी हिंमत झाली नाही. बऱ्याच वेळानं तिनं न मागता तांब्या आणून ठेवला, लांबच, मला उठून घ्यावा लागेल असा.

नवसू आला. मोळी टाकली. माझ्याजवळ येऊन, मला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बाजारात बोललास?"

"बोललो."

"कोण कोण व्हतं?"

मला आठवली तेवढी नावं सांगितली. तो एकेक नाव ऐकून घेत होता. त्यातली तीन माणसं त्या दिवशीही होती, असं म्हणाला. बाकीची मेली किंवा मुंबईला गेली. तीन नावं त्यानं पुन्हा माझ्याकडून वदवून घेतली. मग विचारलं, "पहार आणलीस?"

मी म्हटलं, कशाला?

"ते जमिनीत पुरायचं राहिलंय ना तुझं. तीन खड्डे खणलेस तवा मी गोठ्यात व्हतो. तिन्ही चुकीच्या जागी. मना इचारलं असतं तर दाखवलं असतं. उंबराच्या मागं वैशाखापर्यंत ओल हटत नाय."

सुयोगला निरोप धाडून प्लेट, पहार घेऊन बोलावलं; पुढचं तू पाहिलंस. उंबराच्या मागे साडेसात फुटांपर्यंत नुसती काळी माती. पंधरा वर्षं मी कातळाला दोष देत होतो. नवसू कडेला बसून राहिला, त्यानं पहारीला हात लावला नाही, आणि मीही लावू दिला नसता. निम्मा खड्डा मी खणला. उरलेला सुयोगनं, कारण माझे हात चालेनात. प्लेट, कोळसा, मीठ, माती, पाणी. नवं अर्थिंग तपासायला लावलेला टेस्ट लॅम्प लख्ख पेटला तेव्हा सकू ओट्यावरून बघत होती. ती माझ्याशी अजून बोललेली नाही. निघताना तिनं शिदोरी बांधून दिली. ती मी परतीच्या गाडीत उघडली. माझ्या आवडीचं काही नव्हतं त्यात, नेमकं नावडतं तेच, शेपूची भाजी. मी सगळी खाल्ली.

पेन्शनरांच्या मंडळात या वर्षीच्या व्याख्यानात हीच गोष्ट सांगणार आहे. नाव न बदलता.

एक विचारतो. मी निघाल्यावर नवसू माझ्याबद्दल काही बोलला का? असेल ते कळव, चांगलं-वाईट.

कोंडू

•

माळावरचं घर
१७ फेब्रुवारी २०२५

मामा,

शनिवारी प्रियांकाताई पुन्हा आल्या. मी फोन करून बोलावलंच होतं त्यांना. आल्या तेव्हा गाडीत चौदा टक्के होते. मी म्हटलं, आता घाला. त्यांनी पेटी जोडली. मी, आई, आदेश, सुयोग, शेजारच्या तंबूतले चार पाहुणे, सगळे त्या पेटीकडे डोळे लावून. आधी सगळे दिवे एकदम लागले, मग विझले. दोन-तीन क्षण काहीच नाही. मग हिरवा. आणि गाडीच्या आत कुठेतरी बारीक टकटक, जणू कुणी कडी काढली.

सकाळपर्यंत गाडी पुरी भरली. घरातला एकही दिवा मंद झाला नाही. रविवारी पहाटे आईनं मिक्सर लावला. पाट भिंतीला टेकवलेलाच राहिला. तिनं तसं मुद्दाम केलं की विसरली, मी विचारलं नाही.

नवसू सकाळी आला. गाडी बघायची होती म्हणे. चारी बाजूंनी फिरला, खाली वाकून बघितलं, धूर कुठून निघतो ते शोधत होता. प्रियांकाताईंनी दार उघडून बसवलं त्याला पुढे. त्यानं विचारलं, "बाई, अर्थिंग नाय ही हिला कसं कळतं?"

त्या म्हणाल्या, "वीज घ्यायच्या आधी ही पेटी थोडीशी चाचणी करते. जमिनीशी जोडलंय की नाही ते बघते. नसेल तर घेतच नाही."

"परत्येक येळी?"

"प्रत्येक वेळी."

"कालच बघितलं असलं तरी?"

"तरीही."

नवसू स्टिअरिंगकडे बघत बसला. मग सुयोगकडे वळून म्हणाला, "हिच्यासारखं माणसाला बघता येतं का? घराघरात जाऊन?" सुयोगनं त्याला टेस्टर आणि टेस्ट लॅम्प दाखवला. तो हातात धरून त्यानं दहा प्रश्न विचारले. कुठे लावायचा, दिवा मंद लागला तर काय समजायचं, पावसाळ्यात वेगळं दिसतं का. शेवटी सुयोगला घेऊनच वर गेला. संध्याकाळपर्यंत दोघे वाडीत फिरत होते. वाडीत चौदा घरांत वीज आहे. सगळीकडे मिक्सर नाही, पण टीव्ही आहे, लोखंडी पंखे आहेत, दोन घरांत पाण्याची मोटर आहे. शाळेतही गेले.

आज नवसू खाली आला तेव्हा मी त्याला सांगितलं, मामांचं पत्र आलंय, तुम्ही त्यांच्याबद्दल काही बोललात का असं विचारतात.

तो म्हणाला, "त्यांच्याबद्दल काय बोलू?"

तो अंगणातून निघाला, उंबरापाशी थांबला आणि तिथून म्हणाला, "मामांना सांग, वाडीत तीन घरांना अर्थिंग हाय. अकरा घरं राहिली. नि शाळा."

चंदा